होम थिएटरवर सराउंडसाठी बेस्ट सिनेमे: धमाकेवाले की शांत?

रातकिडा

नवीन होम थिएटर बसवलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठला सिनेमा लावू? आणि उत्तरं पण ठरलेली. फ्युरी रोड लाव, टॉप गन मॅव्हरिक लाव, ट्रान्सफॉर्मर्स लाव. काचा थरथरल्या, छातीत धडधडलं की झालं, काय भारी साउंड आहे! मला हे अजिबात पटत नाही. धमाका काय, सबवूफर (खालच्या, जड आवाजाचा स्पीकर) दणकट असला की कुठलाही सेटप करून दाखवतो. सराउंडचं, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाचं, खरं काम वेगळं आहे. आवाज नेमका कुठून आला ते मान न वळवता कळलं पाहिजे, आणि पडद्यावर जे दिसतच नाहीये ते खोलीत आहे असं वाटलं पाहिजे. आणि ते शांत सिनेमात कळतं.

माझा एक नंबर रोमा (२०१८). अल्फोन्सो क्वारोनचा, ब्लॅक अँड व्हाइट, पार्श्वसंगीत नाहीच, गाणी वाजतात ती पात्रांच्या आजूबाजूला रेडिओवर वगैरे. यात कसलं सराउंड असं वाटेल, पण अ‍ॅटमॉसचा, म्हणजे आवाज डोक्यावरूनही आणणाऱ्या डॉल्बीच्या तंत्राचा, एवढा जिवंत वापर मी दुसरीकडं ऐकला नाही. कॅमेरा घराच्या मधोमध उभा राहून सावकाश वळतो आणि त्याच्याबरोबर आवाज पण वळतात, म्हणजे आत्ता समोर बोलणारी बाई कॅमेरा उजवीकडं फिरला की डावीकडून ऐकू येते, मग आणखी मागं जाते, आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं भांड्यांचा आवाज पुढं सरकतो. बहुतेक सिनेमात संवाद सेंटर (पडद्याजवळच्या मधल्या) स्पीकरला चिकटवलेले असतात, इथं तसं नाही. शेवटाकडं समुद्राचा सीन आहे, घरातली मोलकरीण क्लिओ पाण्यात आत आत जाते तशी लाट आधी समोर असते मग दोन्ही बाजूंनी येते आणि मग आपण पाण्याच्या आतच. एक स्फोट नाही त्या सीनमध्ये आणि श्वास अडकतो.

दुसरा मास्टर अँड कमांडर (२००३). सुरुवातीला धुकं आहे आणि जवळपास काहीच घडत नाही, लाकूड कुरकुरतंय, दोर ताणले जातायत, जहाजाच्या पोटात झोपलेल्या खलाशांच्या वर कुणाची तरी पावलं. आणि मग तोफा. त्या तोफा एवढ्या लागतात कारण आधीची शांतता आपल्याला त्या जहाजात बसवून ठेवते. रिचर्ड किंगला साउंड एडिटिंगचं ऑस्कर मिळालं यासाठी. खऱ्या तोफा डागून रेकॉर्डिंग केलं होतं, आणि शिडांच्या दोरातला वारा पाहिजे म्हणून ट्रकवर लाकडी चौकट उभारून दोर ताणले आणि तो वाळवंटात वाऱ्याच्या तोंडाला पळवला.

तिसरा अ क्वाएट प्लेस. मुलगी बहिरी आहे, तिच्या नजरेतून सीन आला की आवाज जवळजवळ पूर्ण बंद होतो. त्या क्षणी खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो, मग कळतं आपली खोली किती गोंगाटी आहे ते.

तुमचं मत सांगा, पण नुसती यादी नको. कुठला सीन आणि त्यात काय ऐकायचं ते लिहा.

बेसवेडा

असहमत, आणि जोरात असहमत.

पाच पॉइंट एक (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मधला तो 'पॉइंट एक' काय शोभेला दिलाय का राव? खालच्या आवाजासाठी वेगळा ट्रॅक, साधारण १२० हर्ट्झपर्यंत, आणि त्याला बाकीच्या चॅनलपेक्षा १० डेसिबल जास्त हेडरूम, म्हणजे आणखी मोठं व्हायला जागा. ही जागा मुद्दाम ठेवलीय, कारण खालचे आवाज कानाला तेवढेच मोठे वाटायला ताकद जास्त लागते. आणि घरच्या सेटपमध्ये हेच सगळ्यात अवघड आहे. रिअर स्पीकर कुठलेही आणा, पावलांचा आवाज मागून येईलच. पण २५ हर्ट्झची नोट स्वच्छ वाजवणं, ती लगेच थांबवणं, कोपऱ्यात घुमू न देणं, हे भल्याभल्या सेटपना जमत नाही. तेव्हा "धमाका कुणीपण दाखवतो" हे चूक आहे. गडगडाट कुणीपण दाखवतो. धमाका वेगळा.

फ्युरी रोड तुम्ही नीट ऐकलाय का हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. २०१५ चा, साउंडची दोन्ही ऑस्कर (एडिटिंग आणि मिक्सिंग) त्याला. वॉर रिग हा जो मोठा ट्रक आहे त्याला साउंडवाल्यांनी एखाद्या अवाढव्य जनावरासारखा वागवलाय, त्याच्यावर भाले बसतात तेव्हाच्या आवाजात देवमाशाचे आवाज मिसळलेत. आणि तो ज्वाळा सोडणारा गिटारवाला! तो वाजवतो ते गाडीवर वाजतंय, त्यामुळं कॅमेरा त्याच्या जवळ गेला की गिटार अंगावर येते, लांब गेला की इंजिनांच्या मागं बुडते. एका वेळी ढोल, गिटार, दहा इंजिनं, वाळू, आरडाओरडा, आणि तरी प्रत्येक गोष्ट आपापल्या जागेवर. याला नुसता धमाका म्हणणं म्हणजे त्या लोकांच्या कामावर अन्याय आहे.

ड्यून (२०२१) पण घ्या. ऑर्निथॉप्टर या पंख फडफडवून उडणाऱ्या विमानाचे पंख सुरू होतात तेव्हा फडफड आधी वेगळी वेगळी ऐकू येते मग एक होऊन जाते.

रोमा चांगला सिनेमा आहे, नाही म्हणत नाही. पण नवीन सिस्टिम घेतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी तो लावायला सांगणं मला बरोबर वाटत नाही.

संध्याछाया

तुम्ही दोघंही छान लिहिताय पण माझी अडचण वेगळीच आहे आणि मला वाटतं बऱ्याच जणींची असेल. मला संवादच ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की संवाद कळतात आणि पुढच्या सीनला कानठळ्या बसतात, मग रिमोट हातात घेऊन वरखाली करत बसायचं. घरात बाळ झोपलेलं असतं. इंटरस्टेलर बघताना तर ऑर्गनच्या आवाजात काही वाक्यं मला कळलीच नाहीत. अशा वेळी भारी साउंडचा सिनेमा म्हणजे ज्याचे संवाद कळतात तो, असं माझं साधं मत आहे.

दोनचपुरे

+१ संध्याताई.

आणि म्हणूनच मी म्हणतो, घरात सराउंडचा एवढा सोस कशाला? निम्म्या घरांत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. रिअर स्पीकर मग कानाच्या एक हात वर नाहीतर चक्क पुढं. जागा चुकली की कुठली आली दिशा. त्यापेक्षा त्याच बजेटमध्ये दोन चांगले स्पीकर घ्या, समोर नीट अंतरावर लावा, संवाद एकदम मोकळे ऐकू येतात. झोन ऑफ इंटरेस्टला २०२४ मध्ये साउंडचं ऑस्कर मिळालं, त्यातली सगळी भीती भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजात आहे, आणि ती दोन स्पीकरवर पण तेवढीच अंगावर येते. चांगलं साउंड डिझाइन स्पीकरच्या संख्येवर नसतं.

रातकिडा

@बेसवेडा, गिटारवाल्याचा मुद्दा एकदम पटला, ते खरंच सुंदर काम आहे. पण बघा ना, तुम्ही जे कौतुक केलंत ते जवळ-लांबचं आणि जागेचंच केलंत! काचा हादरण्याचं नाही. मी तेच म्हणतोय.

@संध्याछाया ताई, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे, त्याला कारणं पण आहेत. थिएटरचं मिक्स (सगळे आवाज एकत्र केलेला ट्रॅक) मोठ्या आवाजासाठी बनतं, तिथं एकेका चॅनलला १०५ डेसिबलपर्यंतचे शिखर आवाज गृहीत धरलेले असतात, आणि संवाद त्याच्या कितीतरी खाली. घरी आपण सगळंच खाली आणतो, मग संवाद आधी बुडतात. त्यात टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली नाहीतर मागं तोंड करून. उपाय असे: रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र) किंवा साउंडबारमध्ये (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कंट्रोल नावाचं सेटिंग असतं ते चालू करा, त्यानं मोठे आवाज दाबले जातात आणि बारीक वर येतात. दुसरं, सेंटर स्पीकर असेल तर फक्त त्याचा लेव्हल दोन-तीन डेसिबल वाढवा आणि त्याचं तोंड कानाकडं करा, बऱ्याच घरी तो टीव्हीखालच्या कपाटात आत ढकललेला असतो. इंटरस्टेलरबद्दल मात्र सेटिंगनं फार फरक पडणार नाही, त्याचा दिग्दर्शक नोलननं स्वतः सांगितलंय की काही ठिकाणी संवाद मुद्दाम तसे ठेवलेत.

@दोनचपुरे, संवादासाठी दोन स्पीकर चांगले हे अर्धंच खरं. दोन स्पीकरमध्ये मधला आवाज हा भास असतो, बरोब्बर मध्ये बसलेल्याला तो मधून ऐकू येतो, सोफ्याच्या कडेला बसलेल्याला जवळच्या स्पीकरमधून. चार माणसं बसून बघणार असतील तर सेंटर पाहिजेच. सोफा भिंतीला टेकला असेल तर दोन हात पुढं ओढा. तेवढं जमत नसेल तर साइडचे स्पीकर जरा वर लावून बसणाऱ्याच्या किंचित मागं ठेवा, समोरच्या दिशेपासून १००-११० अंशावर आले तरी काम होतं.

बेसवेडा

जागा मोठ्या आवाजात पण ऐकू येते, हेच तर मी सांगतोय. शांत सिनेमात एका वेळी दोन आवाज असतात, त्यांची जागा कळणं सोपं. वीस आवाजांत कळली तर सिस्टिम खरी.

आणि अ‍ॅटमॉस अ‍ॅटमॉस जे चाललंय त्याबद्दल पण बोलू. डंकर्क (२०१७) घरी पाच पॉइंट एक मध्येच येतो, नोलन अ‍ॅटमॉस वापरत नाही. तरी त्या जर्मन स्टुका विमानांची शिटी वरून खाली येते तेव्हा छतात स्पीकर नसून पण मान खाली जाते. त्यालापण साउंडची दोन्ही ऑस्कर. आणि सगळ्यात जुनं उदाहरण अपोकॅलिप्स नाउ, १९७९. साउंड डिझायनर वॉल्टर मर्चनं सुरुवातीचं हेलिकॉप्टर प्रेक्षकांभोवती गोल फिरवलं, ते पण जेव्हा बहुतेक थिएटरांत मागं डावं-उजवं वेगळं चॅनलच नव्हतं. आजपण तो सीन लावला की घरातले मान वळवून मागं बघतात.

निवांत

वाचतोय कधीपासून, एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. दोनचपुरे यांनी झोन ऑफ इंटरेस्टचं नाव घेतलं. तो छळछावणीच्या भिंतीशेजारी राहणाऱ्या कुटुंबाचा सिनेमा आहे. सेव्हिंग प्रायव्हेट रायनचा ओमाहा बीचवरच्या लढाईचा सीन पण असाच, प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक यादीत डेमो म्हणून लावतात, गोळ्या कशा मागं जातात बघा म्हणून. मला ते बघवत नाही. साउंड डिझायनर गॅरी रिडस्ट्रॉमनं तो सीन लोकांना युद्धाची भीती कळावी म्हणून तसा बनवलाय, टॉम हँक्सच्या कानात दडे बसतात आणि सगळं जग पाण्याखाली गेल्यासारखं होतं, त्या क्षणी आपण त्या माणसाच्या जागी असायला पाहिजे. आपण मात्र चहाचा कप हातात घेऊन सबवूफर तपासतो. हे सिनेमे पूर्ण बघा, चांगल्या साउंडवरच बघा, पण तुकडा कापून पाहुण्यांना ऐकवायला ते नाहीत.

दोनचपुरे

निवांत, मी डेमो म्हणून नाव घेतलंच नव्हतं. उलट दोन स्पीकरवर पण तो सिनेमा पूर्ण पोचतो हेच सांगत होतो. पण डेमोबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे.

बेसवेडा

मला मान्य नाही, आदर ठेवून सांगतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी तो पहिला तुकडा ऐकला म्हणून पूर्ण सिनेमा बघितला. तुकड्यानं दार उघडतं. पाहुण्यांना ज्युरासिक पार्क लावा म्हणत असाल तर तोपण लावतोच, १९९३ मध्ये डीटीएस (थिएटरची डिजिटल साउंड पद्धत) त्याच सिनेमानं आणलं आणि टी-रेक्सची ती पावलं अजून तेवढीच जड आहेत. पण प्रायव्हेट रायन यादीतून काढणार नाही.

संध्याछाया

रातकिडा, नाइट मोड सापडला, माझ्या साउंडबारमध्ये वेगळ्याच नावानं होता. संवाद आता खूपच बरे कळतात. पण एक विचारायचंय, नाइट मोड चालू ठेवून रोमा बघितला तर तुम्ही म्हणताय ते सगळं ऐकू येईल का?

रातकिडा

दिशा कळेल ताई, पण मजा कमी होईल, कारण नाइट मोड लांबचे बारीक आवाज वर उचलतो आणि मग रस्त्यावर लांब भुंकणारं कुत्रं पण दारात आल्यासारखं वाटतं. रोमासारख्या सिनेमाला नाइट मोड बंदच ठेवा. तो मोठा होणारा सिनेमा नाही, एकदा संवादाच्या हिशोबानं आवाज लावला की रिमोटला हात लावावा लागणार नाही, दंगलीचा सीन आणि शेवटचा समुद्र सोडून. तिथं जरा कमी करून ठेवा, बाळ उठेल.

आणि साउंडबार टीव्हीला एचडीएमआय ईआर्कनंच (टीव्हीचा आवाज साउंडबारकडं नेणारी, साध्या आर्कपेक्षा जास्त डेटा पेलणारी जोडणी) जोडा. साधं आर्क स्ट्रीमिंगच्या अ‍ॅटमॉसला चालतं, पण पुढंमागं ब्लू-रे प्लेअर घेतलात तर डिस्कवरचा ट्रूएचडी (काही न गाळलेला) ट्रॅक साध्या आर्कमधून जात नाही. डिस्क आणि स्ट्रीमिंगमधला फरक बेसवेडा जास्त चांगला सांगतील.

बेसवेडा

सांगतो. स्ट्रीमिंगचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये (आवाज दाबून लहान केलेला फॉरमॅट) येतं, फार तर ७६८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे किलोबिट. डिस्कवरचं लॉसलेस, म्हणजे काही न गाळलेलं, असतं, त्याचा डेटा कितीतरी पट जास्त. मला फरक खालच्या आवाजात आणि गर्दीच्या सीनमध्ये कळतो. रोमात किती कळेल शंका आहे, फ्युरी रोडमध्ये नक्की कळतो. म्हणून परत सांगतो, परीक्षा घ्यायची तर गर्दीच्या सिनेमाचीच घ्या, आणि डिस्कवर घ्या.

रातकिडा

रोमाची पण डिस्क आहे, अ‍ॅटमॉससकट. दोन्ही एकाच दिवशी लावून बघा आणि इथं लिहा, मी वाट बघतो.