मदत हवी आहे: सामायिक प्रिंटर मध्येच नाहीसा होतो आणि रांगेतील कामे हरवतात

नमस्कार. आमच्या करसल्लागार कार्यालयात सहा संगणक असून, लेसर प्रिंटर राउटरला केबलने जोडलेला आहे आणि पुढच्या टेबलावरील विंडोज ११ च्या संगणकावरून तो सर्वांसाठी सामायिक केलेला आहे. गेल्या पंधरवड्यापासून तो इतर संगणकांवर अचानक ‘ऑफलाइन’ दिसतो, कधी यादीतूनच गायब होतो, आणि परत येतो तेव्हा रांग रिकामी असते. काल चाळीस पानांच्या अहवालाची सतरा पाने निघाली. उरलेली कुठे गेली, हे पाठवणाऱ्यालाही सांगता येईना.

स्पूलर सेवा (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) बंद करून पुन्हा सुरू केली, की तासाभरापुरते बरे चालते. प्रिंटरच्या गुणधर्मांत पोर्ट ‘डब्ल्यूएसडी’ प्रकारचे, म्हणजे नेटवर्कवरील प्रिंटर आपोआप शोधणारे, दिसते. शिवाय राउटर बंद-चालू झाल्यावर प्रिंटरच्या आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा २३ चा ३१ झालेला आढळला, त्यामुळे माझा संशय तिथेच आहे. (ड्रायव्हर बदलून झाला, फरक शून्य.)

राउटरमध्ये पत्ता राखीव ठेवून ९१०० क्रमांकाचे टीसीपी/आयपी पोर्ट (ठरलेल्या पत्त्यावर थेट छपाई पाठवणारे) जोडल्यास, प्रिंटर तुटला तरी कामे रांगेत टिकतील का? ‘छापलेले दस्तऐवज जपून ठेवा’ हा पर्याय आणि इव्हेंट व्ह्यूअरमधील प्रिंट सर्व्हिसची नोंदवही, जी मुळात बंदच असते, चालू केल्यास हरवलेले काम नेमके कुठे अडकले हे कळेल का? स्पूल फोल्डरमध्ये मी पाहिले तेव्हा एकही एसपीएल फाइल (रांगेतील कामाची फाइल) नव्हती. असा अनुभव असलेल्यांनी कृपया तपासणीचा क्रम सुचवावा.