तोंडी आदेश आणि हाताखालचा माणूस : साहेबांकडे लेखी कसे मागावे?

धागा : जुना लेखापाल

"साहेब, लेखी द्या, मग करतो" हे वाक्य नियमाला धरून आहे, आणि तरीही दहापैकी आठ वेळा ते बोलणाऱ्याचेच नुकसान करते, असे माझे ठाम मत आहे. लेखी मागू नये असे मी म्हणत नाही. ते अवश्य मागावे, पण कोणत्या शब्दांत, कोणासमोर आणि कोणत्या वेळी मागावे याचा विचार आपल्या कार्यालयांत फार कमी होतो, म्हणून हा विषय मांडत आहे.

नेहमी घडणारा प्रसंग घेऊ. मार्चचा शेवटचा आठवडा आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात एका रस्त्याचे देयक आले आहे, पण मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीत) डांबरीकरणाच्या शेवटच्या थराची नोंद झालेली नाही. कार्यकारी अभियंता फोनवर सांगतात की ३१ तारखेनंतर निधी व्यपगत होईल, म्हणजे मुदत संपून हातचा जाईल, तेव्हा देयक आजच पुढे पाठवा, नोंद मागाहून करून घेऊ. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, वसुली लावण्याची भाषा सुरू होते, आणि कागदावर सह्या असतात त्या कनिष्ठ अभियंत्याच्या आणि लेखा लिपिकाच्या. फोनवर कोण काय बोलले याचा कागदोपत्री मागमूसही नसतो.

नियम या बाबतीत हाताखालच्या माणसाच्या बाजूने आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नियम ३ सांगतो की वरिष्ठाचा आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावा, तोंडी द्यावाच लागला तर वरिष्ठाने त्याला लगेच लेखी दुजोरा द्यावा, आणि तोंडी आदेश मिळालेल्या कर्मचाऱ्याने तो दुजोरा शक्य तितक्या लवकर मागून घ्यावा. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या नियमांतही हेच आहे. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी दिलेल्या निकालात तोंडी आदेशांवर काम करू नये, असे आदेश नोंदवून ठेवावेत, असे स्पष्ट सांगितले आणि त्याचा संबंध माहितीच्या अधिकाराशी जोडला, कारण जे नोंदलेलेच नाही ते नागरिकाला मागताही येत नाही.

पण नियम तोंडावर फेकला की समोरचा माणूस साहेब उरत नाही, प्रतिपक्ष होतो. म्हणून मी टिपणीत असे लिहीत असे : "मा. कार्यकारी अभियंता यांनी आज दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार देयक आजच पुढे पाठविण्याची कार्यवाही प्रस्तावित आहे. मोजमाप पुस्तिकेत शेवटच्या थराची नोंद अद्याप झालेली नाही. नोंद घेऊन देयक पाठवावे किंवा कसे, याबाबत आदेशार्थ सादर." या तीन वाक्यांत नकार नाही, आरोप नाही आणि उपदेशही नाही. तरीही सूचना कोणाची, उणीव कोणती आणि निर्णय कोणाचा, हे तिन्ही कागदावर येते. साहेबांनी सही केली तर जबाबदारी त्यांची, आणि नाही केली तर देयक तिथेच थांबते.

अनुभवी अधिकारी अशा टिपणीवर सही न करता "चर्चा करावी" असा शेरा मारून नस्ती (फाइल) परत पाठवतात. इथेच नवखा माणूस घाबरतो, चर्चेला जातो, ऐकून येतो आणि जुने पान काढून नवी टिपणी लिहितो. पान अजिबात काढू नये. त्याच पानावर खाली "चर्चेत दिलेल्या निर्देशांनुसार फेरसादर" असे लिहून चर्चेत काय ठरले ते दोन ओळींत नोंदवावे. संगणकावर नस्त्या हाताळण्याची ई-ऑफिस प्रणाली आल्यापासून हे सोपे झाले आहे, कारण पिवळ्या, म्हणजे कच्च्या टिपणीत हवे तितके फेरफार करता येतात, पण एकदा हिरवी, म्हणजे पक्की टिपणी पुढे गेली की ती कोणालाही पुसता येत नाही. अट इतकीच, की हिरवी टिपणी रागाच्या भरात पाठवू नये.

प्रतिसाद १ : कनिष्ठ लिपिक, मराठवाडा

आपली टिपणी सुरेख आहे हे मान्य करूनही मला आपल्या मांडणीचा विरोध करावासा वाटतो. चुकीचा आदेश साहेब देणार, नियम साहेब मोडणार, आणि त्यांचा मान राखून ते कसे सांगावे याची कसरत मात्र पगाराच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाने करायची, हे मुळात न्याय्य कसे? गोड बोलण्याची जबाबदारी नेहमी खालच्याच माणसावर येते, आणि शब्द चुकला तर "याला बोलायची रीत नाही" असा शिक्काही त्याच्यावरच बसतो.

दुसरे असे, की आपल्या तीन वाक्यांनी आदेश कागदावर आला, तरी त्यानंतर काय होते ते आपण सांगितलेले नाही. दुसऱ्या दिवशी टेबल बदलते. रजेचा अर्ज आठवडाभर पडून राहतो. वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालात एखादा असा शेरा येतो की त्याला धड प्रतिकूलही म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती "चांगला" अशी का असेना, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असे सांगितले, आणि महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमानुसार मुदतपूर्व बदलीसाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात. आम्हाला उपयोगी पडली ती ही असली कवचे, शब्दांची नजाकत नव्हे. ज्याला संरक्षण आहे तोच सरळ बोलू शकतो, म्हणून आधी संरक्षण मागावे आणि बोलण्याची रीत नंतर शिकवावी.

प्रतिसाद २ : निवृत्त उपअभियंता

मी साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्या मधल्या खुर्चीत बसलेलो आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. फोन करणारा कार्यकारी अभियंता पुष्कळदा स्वतःही कोणाच्या तरी फोनवरच बोलत असतो. त्याच्याकडेही लेखी काहीच नसते. त्यामुळे चूक बरोबर होत नाही, परंतु त्याला मागे फिरण्यासाठी वाट ठेवली तर तो पुष्कळदा फिरतो, हे मी पाहिले आहे.

आढावा बैठकीत, कंत्राटदार समोर बसलेला असताना, एखादा शाखा अभियंता म्हणाला की "साहेब, हे नियमात बसत नाही," तर कोणताही अधिकारी माघार घेणार नाही, मग तो कितीही सज्जन असो. तेच वाक्य बैठक संपल्यावर, दार लोटून, "साहेब, यात पुढे आपल्याच सहीवर आक्षेप येईल असे मला वाटते" अशा शब्दांत सांगितले तर तो निदान खुर्चीत मागे टेकून नस्ती पुन्हा उघडतो. चारचौघांत अडवणे आणि एकांतात सावध करणे यांत आशयाचा फरक काहीच नाही, परिणामाचा मात्र जमीन-अस्मानाचा आहे. लिपिक महोदयांचा संताप मला समजतो, पण मागितलेले संरक्षण मिळेपर्यंत रोजचे काम थांबत नाही, आणि त्या रोजच्या कामासाठी ही रीत लागते.

प्रतिसाद ३ : भूलतज्ज्ञ, नागपूर

अदबीचे इतके कौतुक वाचून मला काळजी वाटते. माझ्या क्षेत्रात अदबीने माणसे दगावतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मेली. केएलएम या डच विमान कंपनीच्या विमानाचा कप्तान त्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ आणि प्रशिक्षण देणारा वैमानिक होता. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान धावपट्टीवर सोडले. दुसरे विमान अजून धावपट्टीवरच असावे, अशी शंका कॉकपिटमधील फ्लाइट इंजिनिअरला आली होती. त्याने ती प्रश्नाच्या रूपात विचारली, की ते बाजूला झालेले नाही का? कप्तानाने ठामपणे सांगितले की झाले आहे, आणि विषय तिथेच संपला. "थांबा, धावपट्टी मोकळी नाही" असे कोणी म्हटले नाही. हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला स्पष्ट कसे अडवावे याचे प्रशिक्षण वैमानिकांना देण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिच्यामागे ही आणि अशाच काही दुर्घटना होत्या.

शस्त्रक्रियागृहात तर पदांची उतरंड अधिकच घट्ट असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत छेद देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे असे एक कलम आहे. वरवर ते औपचारिक वाटते, पण एकदा सर्वांसमोर तोंड उघडलेली सिस्टर पुढे "सर, एक गॉज कमी आहे" हे वाक्यही अधिक सहज बोलते. तिने त्या क्षणी "सर, आपल्याला वेळ असेल तर मोजणी पुन्हा करावी का" असे म्हटले आणि सर टाके घालण्यात गुंतलेले असले, तर तो गॉज पोटातच राहील. म्हणून धागाकर्त्यांना माझा सरळ प्रश्न आहे, की आपल्या टिपणीतील "किंवा कसे" हे शब्दही त्या फ्लाइट इंजिनिअरच्या प्रश्नाच्याच जातीचे नाहीत काय?

प्रतिसाद ४ : जुना लेखापाल

डॉक्टर, आपला प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे. माझे उत्तर असे की टिपणीत "किंवा कसे" येण्याआधी "नोंद झालेली नाही" हे वाक्य पूर्णविरामासह आलेले आहे. वस्तुस्थिती मी प्रश्नात गुंडाळलेली नाही, फक्त निर्णय त्यांच्याकडे ठेवला आहे, कारण तो अधिकार त्यांचा आहे. त्या विमानात वस्तुस्थितीच प्रश्नाच्या रूपात गेली आणि म्हणून ती वाऱ्यावर गेली. "गॉज कमी आहे" या वाक्यात मी एकही शब्द वाढवणार नाही. जिथे काही सेकंदांत जीव जाऊ शकतो तिथे सरांना वाईट वाटेल की काय, हा विचारच गैरलागू आहे. देयकाच्या बाबतीत मात्र संध्याकाळपर्यंतचा अवधी हातात असतो, आणि तो अवधी नीट वापरण्याविषयीच मी बोलत आहे.

प्रतिसाद ५ : संगणक क्षेत्र, पुणे

खासगी कंपनीत वर्तणूक नियम नाहीत, हिरवी टिपणी नाही आणि बदल्यांचा कायदाही नाही. आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री येतो आणि कधी कधी सकाळपर्यंत पुसलेलाही असतो. ग्राहकाला दिलेली तारीख पाळण्यासाठी चाचणीचा एक टप्पा गाळा, असे व्यवस्थापक मीटिंगमध्ये बोलतो आणि पुढे बिघाड झाला की "मी असे म्हणालोच नव्हतो" असेही तोच बोलतो.

इथे माझा धागाकर्त्यांशी थोडा मतभेद आहे. फक्त अडचणीच्या वेळी लेखी दुजोरा मागणारी ई-मेल पाठवली, तर ती कितीही मऊ भाषेत असली तरी समोरच्याला ती पुरावा गोळा केल्यासारखीच वाटते. त्यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे प्रत्येक बैठकीनंतर, वादाची असो वा बिनवादाची, ठरलेल्या गोष्टी चार ओळींत सर्वांना पाठवणे आणि शेवटी "काही राहिले असल्यास आज कळवावे" असे लिहिणे. ही रीत पडली की ज्या दिवशी खरोखर वादाचा आदेश येतो त्या दिवशीची ई-मेल वेगळी दिसत नाही. माझ्या व्यवस्थापकांनी तर पुढे स्वतःच विचारायला सुरुवात केली, की आजच्या नोंदी अजून कशा आल्या नाहीत.

प्रतिसाद ६ : कनिष्ठ लिपिक, मराठवाडा

पुण्याच्या मित्रांची ही रीत मला पटली, कारण तिच्यात कोणाचीही मर्जी सांभाळावी लागत नाही. तरी माझा मूळ प्रश्न शिल्लक राहतो. आमच्या कार्यालयात आता निम्मी टेबले कंत्राटी मुलांकडे आहेत. अकरा महिन्यांचा करार असतो आणि तो पुढे चालू ठेवण्याची शिफारस त्याच साहेबांच्या हातात असते. त्या मुलाने आपली तीन वाक्ये लिहायची म्हटली, तर आदेश पुसायची गरजच पडणार नाही, मुलगाच बदलला जाईल. त्याला आपण काय सांगाल?

प्रतिसाद ७ : जुना लेखापाल

त्याला मी ती वाक्ये लिहायला सांगणार नाही. मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही एवढेच त्याने आपल्या तपासणीत लिहावे, कारण ते त्याचे नेमून दिलेले काम आहे आणि त्यासाठी त्याला कोणी उद्धट म्हणू शकत नाही. दूरध्वनीच्या सूचनेचा उल्लेख आणि "आदेशार्थ सादर" हे त्याच्या वरच्या नियमित कर्मचाऱ्याने, म्हणजे तुम्ही किंवा मी, आपल्या सहीने लिहावे. नस्ती त्या मुलाच्या टेबलावरून थेट साहेबांकडे जाणार नाही, एवढी व्यवस्था मुख्य लिपिकाला आजही करता येते, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या नियमाची वाट पाहावी लागत नाही.