सहावीपासून स्वतंत्र विषय म्हणून विज्ञान: वर्गात नेमके काय अपेक्षित असते?

माणदेशी पालक

माझी मुलगी पाचवीपर्यंत आमच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकली असून येत्या जूनपासून ती तालुक्याच्या ठिकाणी एका अनुदानित माध्यमिक शाळेत सहावीला जाणार आहे. आतापर्यंत विज्ञानाचा जो काही भाग होता तो ‘परिसर अभ्यास’ या विषयात भूगोल आणि नागरिकशास्त्राच्या सोबतीने येत होता. आता ‘सामान्य विज्ञान’ हे वेगळे पुस्तक असेल आणि शिक्षकही वेगळे असतील. शाळेने गणित व विज्ञानासाठी सेमी-इंग्रजीचा पर्याय दिला आहे, पण तो घ्यावा की नाही याचा निर्णय आम्ही अजून केलेला नाही.

मी स्वतः वाणिज्य शाखेचा असल्याने विज्ञानाच्या तासाला आज काय चालते याची मला फारशी कल्पना नाही. सहावी ते आठवी या तीन वर्षांत विषय किती वाढतो, प्रयोग मुलांच्या हातून होतात की फक्त फळ्यावर, गुण कशाला मिळतात आणि शिकवणी लावण्याची खरोखर गरज असते का, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन. ओळखीच्या काही पालकांनी आत्ताच, सुट्टीतच, गाइड आणून पाठांतर सुरू करण्याचा सल्ला दिला आहे आणि तो मला पटलेला नाही.

निवृत्त विज्ञानशिक्षक, कोल्हापूर

पाठांतराचा सल्ला आपल्याला पटला नाही हे चांगलेच झाले. बालभारतीचे सहावीचे पुस्तक २०१६ साली, सातवीचे २०१७ साली आणि आठवीचे २०१८ साली आले, आणि ही तिन्ही पुस्तके एकापुढे एक ठेवून पाहिल्यास विषयाची चढण कोठे आहे ते लगेच कळते. सहावीच्या पुस्तकात सोळा प्रकरणे आहेत. हवा, पाणी व जमीन या नैसर्गिक संसाधनांपासून सुरुवात होऊन सजीवांचे वर्गीकरण, पोषण व आहार, अस्थिसंस्था व त्वचा, गती, बल, साधी यंत्रे, ध्वनी, प्रकाश, चुंबक असे करत ते सूर्यमालेपर्यंत जाते. पसारा मोठा दिसतो, पण खोली बेताची आहे. बहुतेक गोष्टी मुलीने घरात आणि शेतात पाहिलेल्या असतील, आणि पुस्तकाचे काम त्यांना नाव व क्रम देण्याचे आहे. तरफेचे तीन प्रकार शिकवताना सीसॉ, अडकित्ता आणि चिमटा हीच उदाहरणे घेतली जातात. टेकू, भार आणि बल यांपैकी मध्ये काय आहे एवढे ओळखता आले की प्रकार आपोआप सांगता येतो, आणि ज्या मुलाने तो असा ओळखला त्याला तिन्ही व्याख्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

तेच विषय दर वर्षी पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी एक पायरी वर चढतात, हे पालकांनी लक्षात ठेवावे. प्रकाशाचेच पाहा. सहावीत छाया कशी पडते आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला छिद्र पाडून केलेल्या सूचिछिद्र प्रतिमाग्राहकात प्रतिमा उलटी का दिसते, एवढेच असते. सातवीत प्रकाशाचे विकिरण, प्रच्छाया व उपच्छाया (सावलीचा गडद व फिकट भाग) आणि त्यावरून ग्रहणे येतात. आठवीत परावर्तनाचे नियम, कोनांची मोजणी आणि परिदर्शी (पेरिस्कोप) येते. सहावीत छायेकडे ज्याने नीट लक्ष दिले त्याला सातवीतील ग्रहण कळायला पाच मिनिटे लागतात; ज्याने फक्त ‘छाया म्हणजे काय’ याचे उत्तर पाठ केले त्याला ग्रहणाची आकृतीही पाठच करावी लागते.

खरी चढण आठवीत आहे. सातवीत विस्थापन, वेग आणि त्वरण यांची ओळख होते, वस्तुमान आणि वजन वेगळे करावे लागतात आणि एककांना महत्त्व येते. आठवीत मात्र अणूचे अंतरंग, संयुजा, रासायनिक बंध, द्रवाचा दाब आणि घनता हे सर्व एकाच वर्षात येऊन बसते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर विचार करण्याची सवय नसलेली मुले तेथे अडखळतात. सहावीत घाबरून शिकवणी लावणारे आणि आठवीत ‘आता सवय झाली असेल’ म्हणून निर्धास्त होणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. काळजी करायचीच असेल तर ती उलट्या क्रमाने करावी.

एक सूचना. नव्या अभ्यासक्रमानुसार पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, त्यामुळे जुनी पुस्तके आत्ताच विकत न घेता शाळा देईल तेच पुस्तक प्रमाण मानावे. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात.

प्रयोगवही

मी सध्या सहावी व सातवीला विज्ञान शिकवते, म्हणून सरांच्या विवेचनात वर्गाच्या बाजूने थोडी भर घालते.

प्रयोगशाळेबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. बहुतेक माध्यमिक शाळांत प्रयोगशाळा एकच असते आणि तिच्यावर पहिला हक्क नववी-दहावीचा असतो, त्यामुळे सहावीचे प्रयोग वर्गातच, शिक्षकांच्या टेबलाभोवती किंवा गटागटांनी होतात. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा आणि वर्गात मुले साठ, अशा स्थितीत प्रत्येकाच्या हाती परीक्षानळी येईलच असे नाही. तरीही पुस्तकातील ‘करून पहा’ या चौकटींना लागणारे साहित्य मेणबत्ती, फुगा, लोहचुंबक, सुया, काचेचा पेला अशा स्वरूपाचे असते आणि प्रयोगशाळा नाही हे कारण तेथे चालत नाही. शिक्षक प्रयोग करण्यापूर्वी ‘काय होईल असे वाटते?’ हे विचारतात का, यावरून तासाची पारख करता येते. मुलांनी आधी अंदाज बांधला आणि मग तो चुकला, तरच निरीक्षणाला अर्थ येतो. निष्कर्ष आधी फळ्यावर लिहून मग प्रयोग दाखवला तर मुले फक्त माना डोलावतात.

सातवीत पेशीरचनेच्या प्रकरणाच्या वेळी आम्ही कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो. पहिल्या वेळी निम्म्या मुलांना पेशींऐवजी जाड काळ्या कडेचे गोल दिसतात, कारण काचपट्टीवर आच्छादन ठेवताना आत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यानंतर वहीत मात्र सर्वांच्याच आकृत्या विटांच्या भिंतीसारख्या सुबक आणि पुस्तकाबरहुकूम येतात. ज्या एखाद्या मुलाने बुडबुडा काढला आणि खाली ‘पेशी दिसल्या नाहीत’ असे लिहिले, त्याला मी पूर्ण गुण देते आणि पट्टी पुन्हा करायला लावते. सगळे शिक्षक असे करतात असे मी म्हणणार नाही. सुबक आकृतीला गुण देणे सोपे असते आणि तपासायच्या वह्यांचा ढीग मोठा असतो.

आता गुणांविषयी. २०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि त्याचे आकारिक व संकलित असे दोन भाग आहेत. आकारिक भागात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी आणि स्वाध्याय यांसारख्या साधनांनी वर्षभर नोंदी होतात. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. सहावीला दोन्ही भागांना निम्मे-निम्मे वजन असते, तर सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६० टक्के होते. म्हणजे सहावीच्या वर्षात वर्गातील काम आणि परीक्षा यांची किंमत सारखी असते, ही गोष्ट गाइड विकणारा कधी सांगत नाही. आठवीच्या वर्षअखेरच्या परीक्षेत मात्र डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानंतर प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के गुण आवश्यक झाले आहेत. अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षेची संधी मिळते, पण पूर्वीसारखा सरसकट वरच्या वर्गात प्रवेश राहिलेला नाही.

चिंचवडकर

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून समाधान वाटले, परंतु चित्र थोडे अधिक उजळ रंगवले गेले आहे असे नम्रपणे नमूद करतो. माझा मुलगा आता आठवीत आहे. त्याच्या सहावीच्या वर्षात विज्ञानाचा तास म्हणजे एका मुलाने उठून धडा वाचायचा, शिक्षकांनी मधे मधे समजावायचे आणि शेवटी स्वाध्यायाची उत्तरे फळ्यावरून उतरवून घ्यायची, असाच बहुतेक वेळ गेला. प्रकल्प तर दुकानात तयार मिळतो. ज्वालामुखीची थर्माकोलची प्रतिकृती दर वर्षी कोणीतरी आणतेच, तिला गुणही मिळतात आणि आणणाऱ्याला ज्वालामुखीविषयी एक वाक्य सांगता येत नाही. म्हणून तासात जे व्हायला हवे ते झाले नाही तर घरी काय करायचे, याची तयारी पालकांनी ठेवावी.

सेमी-इंग्रजीबाबत माझे मत अनुकूल आहे, मात्र एका अटीवर. मराठी पुस्तक घरी ठेवलेच पाहिजे. दोन्ही भाषांतील पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात आणि प्रकरणांचा क्रम एकच असल्यामुळे शाळेत जे प्रकरण चालू आहे ते आदल्या रात्री मराठीतून वाचून जाता येते. आम्ही पहिले सत्र तसेच काढले. इंग्रजीत उत्तर लिहिताना वाक्ये मोडकी आली तरी मुद्दा सुटत नव्हता, आणि त्या वर्षी तेवढे पुरेसे होते. मुलीची इंग्रजी वाचनाची गती फारच कमी असेल तर मात्र मराठीतच राहू द्यावे. दोन अडचणी एकदम अंगावर घेतल्या की ‘विज्ञान अवघड आहे’ असा तिचा समज होईल, आणि अडचण मात्र इंग्रजीची असेल.

माणदेशी पालक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सेमी-इंग्रजीचा निर्णय मुलीला एक इंग्रजी प्रकरण वाचायला देऊन, ती किती वेळ टिकते ते पाहून घेऊ.

दोन गोष्टी आणखी विचारतो. शाळेच्या माहितीपत्रकात होमी भाभा परीक्षेच्या खास वर्गाची जाहिरात आहे आणि त्याचे शुल्क आमच्या दृष्टीने बरेच आहे. सहावीतच ही परीक्षा देणे आवश्यक असते का? आणि चिंचवडकर म्हणतात त्याप्रमाणे घरी करायचे झाल्यास, विज्ञान न शिकलेल्या पालकाने सुट्टीत कोठून सुरुवात करावी?

निवृत्त विज्ञानशिक्षक, कोल्हापूर

आवश्यक मुळीच नाही. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या मंडळातर्फे घेतली जाते आणि ती सहावी व नववी या दोनच इयत्तांसाठी असते, म्हणून सहावीत तिची एवढी चर्चा होते. लेखी परीक्षा, त्यातून निवडलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा आणि त्यानंतर प्रकल्प व मुलाखत असे तिचे टप्पे आहेत. स्पर्धा चांगली आहे. प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या पलीकडचे असतात आणि प्रात्यक्षिकात मुलाला स्वतः मोजमाप करावे लागते. परंतु तिच्याभोवती शिकवण्यांचा जो बाजार उभा राहिला आहे त्याचा शालेय गुणांशी संबंध नाही. मुलीला वाटले तर जुने प्रश्न पाहून तिने सहज बसावे. खास वर्गाचे शुल्क भरण्याचे कारण मला दिसत नाही.

घरी सुरुवात करायला हळद पुरेशी आहे. गाळणकागदाच्या किंवा साध्या शोषक कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात आणि त्यांवर साबणाचे पाणी, लिंबाचा रस, चुन्याची निवळी, ताक, मिठाचे पाणी असे एकेक थेंब टाकून रंग नोंदवावेत. साबण आणि चुन्याने पट्टी लाल होते. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होते. लिंबू आणि मिठाचे पाणी कोऱ्या पट्टीवर टाकले तर मात्र दोन्ही वेळा काहीच बदल दिसत नाही, तेव्हा या दोघांत फरक कसा ओळखायचा, हा प्रश्न तिलाच विचारावा आणि उत्तर लगेच सांगू नये. जास्वंदीच्या पाकळ्यांचे पाणी हाताशी ठेवले तर ती स्वतःच तेथे पोचेल, कारण ते आम्लातही रंग बदलते.

दुसरे म्हणजे अंगणात एक काठी सरळ उभी पुरून तिची सावली दर तासाला खडूने आखावी. आपल्याकडे मे महिन्यात एका दिवशी मध्यान्हाला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दक्षिणेकडील जिल्ह्यांत हा दिवस आधी येतो आणि उत्तरेकडे सरकत जातो. जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात.

प्रयोगवही

त्यात सुरक्षिततेची भर घालते. विजेचे सर्व प्रयोग टॉर्चच्या सेलवरच करावेत, घरातील बोर्डाला हात लावू देऊ नये. भिंगातून किंवा आरशातून सूर्याकडे पाहू देऊ नये. आणि आयोडीनचा थेंब टाकून पाहिलेला बटाटा किंवा भात खाण्यात येऊ देऊ नये. निरीक्षणे लिहिताना आधी तारीख आणि काय केले ते लिहावे, त्याखाली काय दिसले ते, आणि ‘का’ याचे उत्तर सगळ्यात शेवटी, पेन्सिलने लिहावे म्हणजे पुढे बदलता येते.

शाळेत जूनअखेर किंवा जुलैत पहिली पालकसभा होते. तिथे गुणांबद्दल विचारण्याऐवजी विज्ञानाच्या शिक्षकांना एवढेच विचारा की प्रयोगांची वही वेगळी ठेवायची आहे का आणि आकारिक मूल्यमापनातील प्रात्यक्षिक ते साधारण कोणत्या महिन्यात घेतात. ज्यांनी नियोजन केले आहे ते महिना सांगतात. ‘पाहू पुढे’ असे उत्तर आले तर चिंचवडकरांचा अनुभव लक्षात ठेवून घरची वही सुरू करा आणि सत्राच्या शेवटी ती शाळेत दाखवायला सांगा. उपक्रमाच्या नोंदीत तिचा विचार करायला बहुतेक शिक्षकांची हरकत नसते.