मदत हवी आहे: बाइकला लिथियम बॅटरी बसवायची आहे, पण चार्जिंग व्होल्टेज जास्त येतंय

मंडळी, बाइकची लेड-ॲसिड बॅटरी आता अगदीच थकली आहे. सेल्फ मारला की नुसती टकटक. त्यामुळे या वेळी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवावी म्हणतोय. वजन जेमतेम तिसरा हिस्सा आणि महिनाभर गाडी उभी राहिली तरी चार्ज टिकतो, हे दोन मोह.

अडचण अशी की, मल्टीमीटर लावून पाहिलं तर आयडलिंगला १३.८ व्होल्ट येतात, पण ५००० आरपीएमला आकडा १४.९ वर जातो. चार सेलच्या लिथियम बॅटरीला १४.६ च्या वर जाऊ देऊ नये असं वाचलंय. मग आधी रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बदलावा, की बॅटरीतलं बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) सांभाळून घेईल? धावत्या गाडीत बीएमएसने बॅटरीचं कनेक्शनच तोडलं तर ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं) काय होईल, ही खरी धास्ती आहे. (माझं मीटर स्वस्तातलं आहे, तेही खोटं बोलत असेल!)

शिवाय माझ्या जुन्या चार्जरला डीसल्फेशन मोड (लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवरचा सल्फेट काढायला जास्त व्होल्टेजचे झटके देणारा) आहे, तो बंद करता येत नाही. म्हणजे चार्जरही नवा घ्यावा लागणार ना?

कोणी प्रत्यक्ष बदल केला असेल तर तुमचं व्होल्टेज किती येतं तेवढं सांगा.