विणकामाच्या संमेलनातून लडी फिरवायची स्विफ्ट आणली, आता भुसावळात लडी कुठून आणू?

भुसावळची_माई:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर पुण्याला विणकाम करणाऱ्यांचं संमेलन होतं. सुनेने परस्पर नाव नोंदवलं, मग काय, बसले महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये. मोजे विणणारा एक इंजिनिअर पोरगा होता तिथे, त्याची टाच वळवायची सफाई बघून मी गपगार.

पण जीव अडकला स्टॉलवर. लाकडी स्विफ्ट घेतली. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची, छत्रीसारखी उघडायची, धाग्याची लडी, म्हणजे गुंडा न केलेला मोकळा वेढा, चढवली की गरागरा फिरते. जोडीला धागा गुंडाळायचा दांड्याचा वाइंडर. त्यातून गुंडा निघतो तो वर-खाली सपाट आणि धागा आतून ओढायचा, म्हणजे गुंडा पलंगाखाली पळत नाही. आजवर लडी सोडवायला यांना दोन्ही हात पुढे करून बसवायचे. क्रिकेट लागलं की हात खाली, गुंता माझ्या पदरात.

अडचण अशी की आपल्याकडे लोकर येते तीच तयार गुंड्यांची. लडी मागितली की दुकानातला पोरगा माझ्या तोंडाकडे बघतो. सुती चालेल, नव्हे सुतीच हवी. आपल्याकडे लोकरीचं घालणार किती दिवस? दुसरं, टोकं बदलता येणाऱ्या गोल सुयांचा (दोन टोकं वायरने जोडलेली) संच घेतलाय. त्यावर मिलिमीटर आहेत, माझ्या जुन्या सुयांवर नंबर. मेळ कसा बसवू?

धुळेकरीण:
माई, बाकी बठ्ठं बरोबर शे, पण थंडीचं तेवढं मागे घ्या! धुळ्यात पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा या, स्वेटरशिवाय गच्चीवर उभ्या राहून दाखवा.

सुताचं म्हणाल तर खादीचं काम करणाऱ्या संस्थेत विचारा. हातसूत लडीतच असतं, १००० मीटरची एक. फार बारीक असतं, एकेरी विणायला घेऊ नका. चार-सहा पदर एकत्र करून वाइंडरमधून काढा. पदर सारखे ताणले जायला हवेत, नाहीतर एक ढिला राहतो आणि प्रत्येक टाक्यात सुईला अडकतो.

उसवणारी_मावशी (अमळनेर):
विकत कशाला घेता? घरातले जुने स्वेटर काढा. शिवण उसवा, धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत जा, झाली लडी. चार जागी दोऱ्याने सैल बांधा, आठच्या आकड्यात, म्हणजे धुताना गुंता होत नाही. कोमट पाण्यात बुडवून ठेवा, पिळू नका, टॉवेलात दाबा. मग सावलीत टांगून खाली थोडं वजन अडकवा. उसवलेल्या धाग्याच्या शेवयांसारख्या वळ्या असतात, त्या सरळ होतात. ॲक्रिलिकला मात्र गरम इस्त्री लावू नका, मरतं ते, लुळं पडतं.

वाळलं की चढवा स्विफ्टवर. वाइंडर हळू फिरवा. खेचून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच राहते, तशीच विणली की धुतल्यावर कपडा आखडतो. मी गुंडा झाल्यावर एकदा परत सैल गुंडाळून घेते.

जळगावची_नंदिनी:
काकू, सुयांचं सांगते. आपल्या जुन्या सुयांवर इंग्लंडचे नंबर असतात, नंबर वाढला की सुई बारीक. आपली १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकेचं उलटं, त्यांची १० नंबर तब्बल ६ मिमी. नेटवरून नमुना उतरवाल तर आधी तो कुठला आहे ते बघा, नाहीतर बाळाच्या टोपीत आजोबांचं डोकं मावेल. भोकांची मोजपट्टी घेतली नसेल तर घ्या, सुई ज्या भोकातून नेमकी जाते तोच तिचा नंबर. सगळ्या महागड्या संचापेक्षा ती उपयोगी, माझं आपलं मत.

गोल सुईची वायर वेटोळी राहिली तर गरम पाण्यात जरा बुडवून सरळ धरा. आणि मे महिन्यात लाकडी टोकंच वापरा. आमच्याकडे ४४-४५ अंशांत घामट हातांनी धातूच्या सुया धरवत नाहीत.

भुसावळची_माई:
यांचा तो मरून स्वेटर कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, कोपरं गेलेली. विचारलं तर देणार नाहीत. मावशी, गळ्यापासून उसवायला घ्यायचा की खालच्या पट्टीपासून?

उसवणारी_मावशी (अमळनेर):
गळ्यापासून! विणणं संपलं तिथून सुरुवात, म्हणजे धागा सरसर येतो. आधी बाह्या सोडवा, बाजूची शिवण कापताना उजेडात बसा, एक टाका चुकून कापला की धाग्याचे तुकडेच तुकडे. आणि विचारू नका त्यांना.