६१ मिलिमीटरचा घोळ

छोटू: दादा, तुझ्या कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटमध्ये माझा नवा मदरबोर्ड बसतच नाहीये. खालची कड पॉवर सप्लायला अडतेय.

दादा: बोर्डाच्या खोक्यावर काय लिहिलंय?

छोटू: एटीएक्स.

दादा: मग झालं! ते कॅबिनेट मायक्रो-एटीएक्स मापाच्या बोर्डाचं आहे रे. एटीएक्स म्हणजे ३०५ × २४४ मिमी, मायक्रो २४४ × २४४. रुंदी तीच, उंचीला ६१ मिमी जास्त. तेवढंच अडतंय.

ताई: कानशीने घासून नाही का बसणार? 😄

दादा: ताई, बोर्डाच्या पोटात तांब्याच्या वाटा असतात. घासलंस की गेलाच.

नाना: पण आमच्या ऑफिसात भलामोठा डबा होता आणि आत एवढुस्सा बोर्ड. तो कसा बसला?

दादा: नाना, तसं चालतं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स आणलं, १९९७ मध्ये मायक्रो. मग २००१ मध्ये व्हिया कंपनीचा मिनी-आयटीएक्स आला, १७० × १७०. त्याची स्क्रूची चारही भोकं एटीएक्सच्या भोकांशी जुळतात. त्यामुळे छोटा बोर्ड मोठ्या डब्यात जातो, मोठा छोट्यात नाही.

छोटू: बोर्ड बदलून मायक्रो घेतला तर स्पीड कमी होईल?

दादा: आकाराचा स्पीडशी संबंध नाही. जास्तीची कार्डं लावायचे स्लॉट कमी होतात. एटीएक्सला ७ पर्यंत जागा, मायक्रोला ४, मिनीला १. तू लावणार एक ग्राफिक्स कार्ड, बाकीचे रिकामेच राहणार.

मावशी: आमच्याकडे एका कंपनीच्या तयार कॉम्प्युटरचा डबा पडून आहे. देऊ का?

दादा: नको मावशी. तसल्या डब्यांत पुष्कळदा भोकं त्यांच्या स्वतःच्या मापाची असतात, पॉवर बटणाची पिनसुद्धा वेगळी.

दादा: आणि छोटू, बोर्ड ठेवण्याआधी खालचे पितळेचे स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब, बघ. जिथे बोर्डाला भोक नाही तिथला काढून टाक. माझ्याकडून एकदा एक राहिला होता. बटण दाबलं की पंखा जरासा हलायचा आणि बंद. दोन दिवस मी पॉवर सप्लायला शिव्या घालत बसलो. खांब बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होत होता.

नाना: तरीच त्या दिवशी जेवायला हाक मारली तर खेकसला होतास!

दादा: 🙏

छोटू: ठरलं, मायक्रो घेतो. बाकी सगळं आहे.

दादा: थांब. बोर्ड बसला म्हणजे सगळं बसलं असं नाही. ग्राफिक्स कार्डची लांबी आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीत बघ. मोठे टॉवर कूलर १६० मिमीच्या आसपास जातात.

छोटू: ...

छोटू: कूलर १५८. इथे लिहिलंय कमाल १५५.

ताई: आणू का कानस?