जुने दिवाळी अंक स्कॅन करताना ३०० डीपीआय पुरे की ६०० हवेच?

कागदवेडा
जुने दिवाळी अंक घरोघरी स्कॅन होऊ लागलेत, याचा आनंद आहे. पण सरसकट ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल) लावायचा आग्रह मला पटत नाही. ए-फोर आकाराचं पान ३०० वर ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) घेतलं तर २४८० × ३५०८ पिक्सेल, म्हणजे न दाबता (कॉम्प्रेस न करता) ८.७ एमबी होतं. ६०० वर ते चौपट, जवळजवळ ३५ एमबी. दोनशे पानांचा अंक धरा: पावणेदोन जीबीच्या जागी सात जीबी. वेळ जातो तो वेगळाच. टेसरॅक्टसारख्या ओसीआरलाही (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही) ३०० चालतं. मजकूर ३०० ग्रेस्केल, मुखपृष्ठ ३०० रंगीत, बस्स.

खिळाजोड
साफ असहमत, आणि तेही मजकुराच्याच बाबतीत. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईत दाबाने शाई पसरते. ध-घ आणि भ-म यांतला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीवर उभा असतो. बारीक टाइपात ती फट ०.२ मिमी उरली असेल तर ३०० वर तिला जेमतेम अडीच पिक्सेल मिळतात, ६०० वर पावणेपाच. फट बुजली की ‘धन’चं ‘घन’ होतं, ‘भार’चा ‘मार’. हे सगळेच शब्द कोशात आहेत, त्यामुळे शब्दतपासणीतूनही चूक निसटते. इंग्रजीच्या अनुभवावरून ठरलेला आकडा देवनागरीला जसाच्या तसा लावू नका.

कागदवेडा
हा दोष ३०० चा नाही, ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मोडचा आहे. त्यात प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा, म्हणून फट बुजते. ग्रेस्केलमध्ये तीच कड करड्या छटांमध्ये टिकते. असा निव्वळ काळा-पांढरा (एक-बिट) स्कॅनच करायचा असेल तर ६०० घ्या, तिथे माझा विरोध नाही. आणि पीडीएफ करताना जेबिग-२ या दाबणीच्या पद्धतीचा लॉसी (तपशील गमावणारा) पर्याय बंद ठेवा. त्यात सारखी दिसणारी चिन्हं एकच समजली जातात. २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही मशीनवर ६ च्या जागी ८ छापून येत असल्याचं उघड झालं, ते याच दाबणीमुळे.

जाळीदार
तुम्ही दोघं अक्षरांवर भांडताय, चित्रांची पानं विसरलात. छापील फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. गुळगुळीत कागदावर ती इंचाला १३३ ते १५० ओळींची असते. १५० च्या जाळीवर ३०० ने स्कॅन केलं की एका ठिपक्याला दोनच पिक्सेल, आणि चित्रभर लाटांसारखे पट्टे उमटतात. एकदा उमटले की नीट जात नाहीत. म्हणून अशी पानं ६०० वर घ्या, दोनेक पिक्सेलचा गॉशियन ब्लर (चित्र किंचित धूसर करणारा फिल्टर) द्या आणि मग ३०० वर आणा. स्कॅनरमधलं शार्पनिंग आधी बंद करा, नाहीतर ठिपकेच टोकदार होतात. ‘मुखपृष्ठ ३०० रंगीत’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे.

बांधणीकर
शिवणीजवळ पान उचललेलं असेल तर आकडा कितीही वाढवा, अक्षर धूसरच येणार. स्वस्त, पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर (काचेला जवळजवळ लागून असणारा) असतो. काचेपासून कागद थोडा जरी वर गेला तरी त्याचा फोकस सुटतो. सीसीडी स्कॅनर (आरसे आणि भिंगातून प्रतिमा घेणारा, जाडसर) बराच सहन करतो. तो नसेल तर पानावर काच ठेवून वरून कॅमेऱ्याने घ्या. ६००० × ४००० पिक्सेलच्या कॅमेऱ्यात ए-फोर पान चौकट भरून आलं तर सुमारे ४८० डीपीआय मिळतात. अंक ताणून सपाट करू नका, जुना आम्लयुक्त कागद घडीवर तुटतो.

खिळाजोड
हाच तर माझा मुद्दा! असा अंक पुन्हा उघडता येईलच असं नाही. डिस्क नंतरही विकत मिळते. मूळ प्रत ६०० ग्रेस्केल टिफमध्ये (दर्जा न घटवता चित्र साठवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवा, वाचायची पीडीएफ हवी तेवढी हलकी करा.

कागदवेडा
जाळीच्या पानांपुरतं ६०० मान्य. मजकुरासाठी मात्र आधी चाचणी घ्या: अंकातलं सर्वांत बारीक टाइपाचं पान दोन्ही आकड्यांवर स्कॅन करा, ओसीआर चालवा आणि ध-घ, भ-म, अनुस्वार यांच्याच चुका मोजा. फरक पडला नाही तर उरलेली पानं ३०० वर.

जाळीदार
दोन्ही वेळा खरोखर स्कॅन करा. ६०० चं पान लहान करून ३०० म्हणून तपासू नका. लहान करताना चित्रातला दाणेदार गोंगाट (नॉइज) सरासरीत विरतो, आणि ती प्रत स्कॅनरच्या ३०० पेक्षा स्वच्छ निघते.